क्रियापद

माझी सात वर्षांची लेक मला दर शनिवारी कोर्टातल्या भेटीच्या खोलीत दोन तास मिळते. मी बाई म्हणून जगायला लागले तेव्हा तिनं हाक तीच ठेवली, फक्त क्रियापद बदललं. "बाबा आली!" असं ओरडत ती दारातच गळ्यात पडायची.

समुपदेशक बाईंनी अहवालात लिहिलं, 'मुलीचा गोंधळ उडाला आहे. भाषेवरही परिणाम दिसतो.'

माझे वकील म्हणाले, "पुढच्या तारखेआधी तिचं बोलणं सुधारा, नाहीतर या दोन तासांनाही मुकाल."

मग पुढचे चार शनिवार पत्ते आणि रंगपेट्या बाजूला सारून मी तिच्याकडून घोकून घेतलं. बाबा आला. बाबा बसला. बाबा हसला.

"पण तू तर आलीस ना?"

"हो गं. पण इथे आला म्हणायचं."

"मग आईपण आला?"

"नाही. आई आलीच."

तिनं मान डोलावली.

चौथ्या शनिवारी वेळ संपली. मी दाराबाहेर वाकून चपलेचा पट्टा लावत होते. आत तिला न्यायला तिची आई आली होती. समुपदेशक बाईंनी वही उघडली आणि लेकीला विचारलं, "बाबा कुठंय गं?"

लेक जराही अडखळली नाही.

 

"बाबा गेला."