दहा मिनिटांची थंडी

हवामान नियंत्रण केंद्रात रुजू झालेल्या सुलक्षणाला पहिल्याच सकाळी इथली तऱ्हा कळली. ना कोणी ओळखपत्र विचारलं, ना नियमावली दिली. मुख्य तंत्रज्ञ दिघेकाकांनी चहाचा कप पुढे केला आणि म्हणाले, "बोल, कुठे काय पाठवायचं?"

ती गोंधळली.

"इथली रीत आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी दहा मिनिटं, आपल्या गावावर, मनातली हवा. मी देवरुखचं धुकं मागितलं होतं. पुन्हा मात्र कधीच मिळत नाही हो."

"अकोल्यातली आमची गल्ली," सुलक्षणा लगेच म्हणाली. "डिसेंबरची थंडी."

ती पाचवीत असताना अकोल्यात शेवटचा हिवाळा झाला होता. त्याला आता वीस वर्षं झाली.

काकांनी बटण दाबलं. सुलक्षणाने आईला फोन लावून अंगणात बोलावलं. थोड्या वेळाने आई ओरडलीच, "अवं सुले, तोंडातून वाफ निघून राह्यली!"

मागे पोरांचा गलका उठला. आई हसू लागली. "शेजारची पोरं भ्याली वं! म्हणतात, आजी, तुमच्या पोटात काय जळून राह्यलं?"

"त्यांना काडीची सिगारेट ओढून दाखव ना. आपण ओढायचो तशी."

मग फोनवर नुसतं पोरांचं फू-फू आणि आईचं हसू ऐकू येत राहिलं.

घड्याळात बारावं मिनिट लागलं होतं. बटणापाशी उभे असलेले दिघेकाका मात्र मन लावून चहा पीत होते. त्यांचा कप केव्हाच रिकामा झाला होता.