बेलगाम नदी

"ही डोंगरातली नदी आहे, मंडळी! हिला लगाम नाही. ही कुणाच्या बापाला भीत नाही!" राफ्टवाल्याने रोजचं भाषण ठोकलं. एरवी हे वाक्य संपता संपता वरच्या धरणाच्या वीजघरातून पाणी सुटायचं आणि पर्यटक टाळ्या पिटायचे. आज भाषण दोनदा झालं, तरी पात्रात पाणी जेमतेम घोटाभर. राफ्ट दगडांवर म्हशीसारखी बसलेली, आणि तिच्यात हेल्मेट घातलेले आठ पर्यटक वल्ही सरसावून तयार.

"जरा लहरी आहे हो ती," असं पुटपुटत तो खडकाआड गेला आणि त्याने वीजघरात ड्यूटीवर असलेल्या मेव्हण्याला फोन लावला. "अरे, पाणी सोड की! टर्बाईन बिघडलं काय?"

"टर्बाईन ठणठणीत आहे, दाजी. ताई बॅग घेऊन आलीय, इथेच समोर बसलीय. काल तुम्ही तिच्या बापाचा उद्धार केलात म्हणे. तो माझाही बाप लागतो."

"दे तिला फोन."

मग खडकाआडून त्याचा रडवेला आवाज सगळ्यांना ऐकू येऊ लागला. "चुकलो गं माझे आई! पुन्हा नाही तसं बोलणार. ये ना आता, किती अंत पाहशील!"

आणि खरंच, वरून पाणी धडाडत आलं.



राफ्टमधल्या बाईंनी शेजारी बसलेल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं. "बघा, माणसं नदीचीसुद्धा माफी मागतात. नाहीतर तुम्ही!"