प्योसरांची जागा

"तिथे नका बसू सर," बेसबॉल संघाचा कॅचर दोंगचुल म्हणाला. "ती प्योसरांची जागा आहे."

यांग नुकताच टेकला होता, तो उठला. बाकाच्या त्या टोकावरून चेंडू फेकणाऱ्या पिचरचा उंचवटा अगदी समोर दिसायचा. तिथे बसणारा माणूस तर आठवड्यापूर्वीच गेला होता.

क्रेन्स संघ हरत सुटला तेव्हा संघाच्या कचेरीने नेहमीचाच उपाय केला. खेळाडू तेच ठेवले आणि प्रशिक्षक बदलले. पिचरांना शिकवणाऱ्या प्योची रवानगी खालच्या संघात झाली आणि तिथे वर्षानुवर्षं पोरं घडवणारा यांग वर आला. मोकपो शहरातल्या मोठ्या मैदानावर उभं राहायला मिळावं म्हणून यांगने उमेदीची सगळी वर्षं वाट पाहिली होती. बातमी कळली तशी त्याच्या बायकोने शेजारीपाजारी तांदळाचे गोड केक वाटले.

पण मैदानावर प्यो अजून होताच. खुंटीवरच्या त्याच्या टोपीला कुणी हात लावत नसे. सराव संपला तरी पोरं न सांगता मैदानाला फेऱ्या मारत राहायची.

"कुणी सांगितलं रे पळायला?" यांगने एकदा विचारलं.

"प्योसरांची शिस्त आहे, सर," दोंगचुल पळता पळताच म्हणाला.

सगळ्यात जास्त प्यो दिसायचा तो उशिकच्या नजरेत. उशिक संघाचा सर्वांत चांगला पिचर होता. अबोल, हडकुळा आणि लांब बोटांचा. प्रत्येक चेंडूआधी तो मान वळवून बाकाच्या त्या रिकाम्या टोकाकडे बघे आणि मगच हात उचले. पहिल्या सामन्यात तो जरा डळमळला म्हणून यांग त्याच्याकडे चालत गेला. धीर द्यावा म्हणून खांद्यावर थोपटायला हात वर केला, तर उशिक चटकन मागे सरकला. भरल्या मैदानासमोर यांगचा हात तसाच अधांतरी राहिला.

परतताना बसमध्ये यांग त्याच्याशेजारी बसला.

"प्योसरांची आठवण येते का रे?"

उशिक खिडकीबाहेर बघत होता. "येते, सर."

"फार?"

"रोज."

उशिकच्या आईची बंदरापाशी खाणावळ होती. यांग एकदा तिथे जेवायला गेला. तिने माशाचा रस्सा आणि भात समोर ठेवला आणि हात पुसत तीही टेकली.

"झोपेतसुद्धा त्यांचंच नाव घेतो हो," ती म्हणाली. "कधी कधी तर हाका मारतच उठतो. याचा बाप लवकर गेला ना. त्यांनाच बाप मानलं असेल लेकराने. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं."

"छे, छे," यांग म्हणाला, पण रस्सा अर्धाच ठेवून उठला.

हळूहळू त्यालाही सवय लागली. चेंडू कॅचरच्या हातमोज्यात थाडकन आदळला की त्याची नजर आपसूक त्या कोपऱ्याकडे वळायची. कधी तिथे कुणी खाकरल्यासारखं वाटे. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या ताटात जेवतोय, असं काहीसं त्याला वाटू लागलं.

मग एका कडक उन्हाच्या सामन्यात कचेरीतला एक जाडजूड माणूस सावलीसाठी म्हणून त्या टोकाला जाऊन बसला. उशिकने सवयीने मान वळवली आणि तो जागीच थिजला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पहिला चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून गेला, दुसरा पायापाशी मातीत आपटला. यांगने त्याला बाहेर काढलं. उशिक टॉवेलात तोंड खुपसून बसून राहिला.

"मला वाटलं, प्योसर आले," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी यांग मुख्य प्रशिक्षक कुमच्या खोलीत गेला.

"मला परत खाली पाठवा, साहेब. प्योला बोलवा."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? स्वतःच्या पायांनी खाली जातोस?"

"पोरगं झुरतंय. असंच चाललं तर हातचं जाईल."

"आणि तुझं काय?"

"माझं काय, खाली पोरं आहेतच."

"प्यो पोरांना सरळ ठेवायचा, हे मात्र खरं," असं म्हणत कुमने फोन उचलला.

त्या संध्याकाळी यांगने बायकोला बातमी सांगितली. आतल्या खोलीत जाऊन तिने त्याचा नवा कोट घडी करून कपाटात ठेवला.

प्यो सकाळीच आला. सगळी पोरं रांगेत उभी राहून कमरेत वाकली.

"काय रे, माझ्यावाचून करमत नव्हतं म्हणे तुम्हाला!" प्यो गडगडाटी हसला. उशिक सगळ्यांत जास्त वाकला होता. प्यो पुढे निघून गेला तरी त्याने मान वर केली नाही. ते बघून यांगचे डोळे भरून आले. आयुष्यात एक काम तरी मनासारखं झालं, असं त्याला वाटलं.

पिशवी खांद्याला अडकवून तो फाटकाबाहेर पडला आणि बसच्या थांब्याकडे निघाला. मागून खिळ्यांच्या बुटांचा डांबरावर खडखडाट आला. उशिक धावत येत होता.

"अरे, आभार कसले मानायचे त्यात," यांग आधीच म्हणाला आणि हसला.

उशिकला धाप लागली होती. त्याने एकदा फाटकाकडे वळून पाहिलं.

"ते तिथे नाहीत ना, एवढीच मी दर वेळी खात्री करून घ्यायचो, सर," तो म्हणाला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "माझं काय चुकलं होतं?"