शिवणीतली माया

कमरेत पुन्हा आत घेतलेला ड्रेस पोरीने उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि बापाची चोरी पकडली.

"बाबा, माया तशीच ठेवलीत."

ठेवली होती. दोन्ही बाजूंना, चांगली बोटभर. टेलरमास्तर होते ते. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्या मायेवरच त्यांचं नाव झालं होतं. "माया सोडलीय, बिनधास्त जेवा," असं ते गिऱ्हाइकाला हसत सांगायचे. पोटच्या पोरीपुढे मात्र ते वाक्य काढायची सोय राहिली नव्हती.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. कटिंगच्या टेबलावर कापडं बाजूला सारून ताट मांडलेलं. भात, अंडं, वाटीभर दही. भात केव्हाच गार झाला होता. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, जेवताना समोर बसा, वजनाचा शब्द काढू नका, आणि काही झालं तरी सौदा करू नका. आता अन्न पोटात गेलं नाही, तर दवाखान्यात ठेवून नाकातल्या नळीने भरवावं लागेल. सांगायला काय जातं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी बापाची गत.

"माया कापून टाका, मी जेवते," पोरगी म्हणाली. "सगळं."

सगळं! मास्तरांचा जीव खालीवर झाला. बोटभर कापड ते काय. ती खरंच जेवणार असती तर त्यांनी अख्खं दुकान कातरून दिलं असतं. हात कात्रीकडे गेलासुद्धा.

"कापली तर परत मोठा नाही करता येणार गं."

"म्हणूनच."

मास्तरांनी हात मागे घेतला. आधी जेव, एवढंच म्हणाले. मग तिनेच कात्री उचलली. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि लगेच सोडलं. जन्मभर लोकांची मापं घेतलेली ती बोटं. त्यांना त्या मनगटाचं माप कळलं.

पोरीने एका बाजूची माया कापली, मग दुसऱ्या बाजूची. एवढ्याशा कामात तिने दोनदा दम खाल्ला. सकाळपासून खाल्लं ते तेवढंच. बाहेरून कुणीतरी शटर वाजवून पँट झाली का म्हणून विचारलं. मास्तर उठले नाहीत.

"आता?" तिने विचारलं. जिंकल्यासारखी मुळीच दिसत नव्हती. घाबरली होती.

मास्तरांनी कापलेल्या पट्ट्या गोळा करून मांडीवर घेतल्या आणि सुईत दोरा ओवायला लागले. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. कोपराने त्यांनी ताट तिच्यापुढे सरकवलं.

"आता जोड लावायचा. तू जेवेपर्यंत मी इथेच आहे."

पोरीने त्यांच्या हातातली सुई घेतली, एका झटक्यात दोरा ओवला आणि सुई त्यांच्या हातात परत ठेवली.

ताटाला मात्र तिने हात लावला नाही.