गावाचं नाव घेऊन

"हे धर." मनिषनं कागदाची पुडी बायकोच्या हातात कोंबली. "टाकतानी गुमला म्हण. बास."

चर्चच्या दारात चपलांचा ढीग पडला होता आणि आत माऊलीच्या मूर्तीसमोर रांग लागली होती. तुमसरच्या राइस मिलांमागची ही वस्ती सगळी झारखंडच्या गुमला-सिमडेगा भागातून आलेल्यांची. बाप-आजे हमालीला आले आणि इथलेच होऊन बसले, पण तसं म्हणायची सोय नाही. दर ऑक्टोबरात जपमाळेच्या माऊलीचा सण. त्या दिवशी प्रत्येक घरानं आपल्या गावच्या शेतातला मूठभर नवा तांदूळ आणायचा आणि गावाचं नाव घेऊन गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, टाकायचा. फादर त्यावर आशीर्वाद मागायचे, मग त्याचीच खीर सगळी वस्ती खायची.

भावनानं पुडी उघडली. आत पांढराशुभ्र, चकाकता, एकसारखा दाणा.

"हा त तुमच्या मिलचा होय."

"मंग? गुमल्याचं शेत कवाच गेलं. सारेच असाच आणते."

"अन् माऊलीपुढं खोटं बोलता?"

"खोटं नाही व. रीत हाय."

भावना काही या वस्तीतली नव्हे. मोहाडीजवळच्या शेतकऱ्याची पोर, मनिषशी लग्न करून आली. आजवर प्रत्येक सणाला ती मागं, चपलांजवळ बसली. तिथं बस असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि पुढं ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. प्रार्थना सगळ्या तोंडपाठ, पण तोंडातून आवाज काढायची छाती झाली नव्हती. आषाढात ती तापानं फणफणली तेव्हा वस्तीतल्या बाया पाळीपाळीनं उशाशी बसून माळ जपत राहिल्या. ताप गोळ्यांनी उतरला, एवढं तिला कळत होतं. पण डोळे मिटलेले असताना कपाळावर कोणाचा तरी हात होता, तो त्या बायांपैकी एकीचाही नव्हता, हे तिनं मनिषलाही सांगितलं नव्हतं. यंदा तिला पुढं जायचं होतं. मनिषची बायको म्हणून नाही. तिचं तिला.

तिनं पुडी दुमडून मनिषच्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि पदराची गाठ चाचपली. बाजाराच्या दिवशी तिचा बाप तुलाराम येऊन घरचा तांदूळ देऊन गेला होता. "तुह्या माऊलीले दे," एवढंच म्हणाला होता.

"भावना, लोक हासतीन."

"हासू द्या," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

"गुमला," पुढचा म्हणाला. त्याच्या पुढचा "सिमडेगा" म्हणाला. त्यानं सिमडेगा नकाशातसुद्धा पाहिलं नसेल, पण आवाज असा खणखणीत, जणू आताच नांगर सोडून आला. पांढरा तांदूळ पांढऱ्यावर पडत होता. गंजापाशी फुलमनी आजी बसली होती. वस्तीत सगळ्यात आधी आलेली तीच, आणि गुमल्याचं शेत डोळ्यांनी पाहिलेलीही आता तीच एक. प्रत्येक नावाला ती मान हलवत होती.

भावनाच्या मागं तिची नणंद रीना उभी होती. याच वस्तीत दोन घरं पलीकडं लग्न करून दिलेली.

"वहिनी, तुई पुडी दादापाशीच राह्यली."

"राहू दे."

तिची पाळी आली. तिनं पदराची गाठ सोडली, मूठ भरली आणि गंजावर उघडली.

"मोहाडी."

चर्चमध्ये कुजबुज झाली. मागं कोणीतरी फिसकन हसलं. पांढऱ्या ढिगाच्या माथ्यावर तिचा तांदूळ पडला होता. लालसर, थोडा तुटका, उखळात कांडलेला. आता कोणी काही म्हटलं नसतं तरी खालचा सगळा मिलचा, हे सगळ्यांना दिसतच होतं. मनिष जमिनीकडं पाहत होता.

"काय म्हणाली?" आजीनं विचारलं.

"मोहाडी, आजी. माह्या बापाच्या शेतातला हाय."

"नवा?"

"नवा. मायनं घरीच कांडला."

आजीनं वाकून त्यातली चिमूट उचलली, नाकाशी नेली आणि तशीच बसून राहिली. रांग थांबली. फादरही थांबले. भावनाच्या मनात आलं, आता ही आपला तांदूळ वेचून परत देते की काय. दिला तर दिला, पण मी इथून हलत नाही.

"गुमल्याच्या घरी असाच वास येत होता," आजी म्हणाली. तिनं चिमूट पुन्हा गंजात सोडली. "गावचा मांगतला होता, गावचाच आला. आता आमेन म्हण, पोरी."

"आमेन," भावना म्हणाली. या चर्चमध्ये तिनं स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. तिला वाटलं होतं त्याहून मोठा निघाला. तिला खूप बरं वाटलं. ती मागं चपलांकडं गेली नाही. पुढच्या सतरंजीवर बायांनी सरकून जागा केली, तिथं बसली.

रीनाची मूठ गंजावर आली आणि तिथंच अडकली. रीना तुमसरच्या दवाखान्यात जन्मली, तुमसरच्या शाळेत शिकली. तिनं त्या लालसर तांदळाकडं पाहिलं, मग आजीकडं. आजी मान हलवायची थांबली होती.

"तुमसर," रीना म्हणाली.

आजीनं गंज तिच्याकडं थोडा सरकवला.

मनिषच्या घरची मूठ भावनाच्या हातून केव्हाच पडून गेली होती. तरी त्यानं खिशातली पुडी काढली आणि 'तुमसर' असं स्वतःशी म्हणून पाहत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.