खेळ क्रमांक चारशे तेरा

"बाबा, खेळायच्या आधी अपडेट म्हणे! नऊ तास!" लेकीने कंट्रोलर सोफ्यावर आपटला. दोन वर्षांनी आली होती, माझ्यासाठी महागडा गेमिंग कन्सोल घेऊन. आणि चार तासांनी तिची परतीची बस होती.

मी माळ्यावरून तिच्या लहानपणचा व्हिडिओ गेम काढला. कॅसेटवर छापलं होतं, ‘९९,९९९ खेळ’. खरे सातच, तेच नावं बदलून पुन्हा यायचे. तरी सगळे संपवायचे, असं आमचं ठरलं होतं.

मी कॅसेटमध्ये फुंकर मारली. त्याशिवाय ती चालत नसे. "याच फुंकरीने शेजारच्या काकूंचे पापड तालुक्याला उडाले होते."

"मागच्या वेळी जिल्ह्याला उडाले होते," ती हसली. "आपण चारशे बाराव्यावर थांबलो होतो ना?"

चारशे तेरावाही रणगाड्यांचाच निघाला. तिने मला सहा वेळा हरवलं. नवा कन्सोल तिकडे टक्के मोजत बसला होता. देव त्या कंपनीचं भलं करो!

बॅग उचलताना तिने विचारलं, "किती उरले?"

"नव्याण्णव हजार पाचशे शहाऐंशी."

"बापरे! मग पुढच्या रविवारी येते."