अंधार होईपर्यंत

नाटकात शेवटी मी मरते आणि दिवे सांभाळणारा माझा नवरा प्रेक्षकांच्या मागे असलेल्या काचेच्या खोलीतून अंधार करतो. "अंधार झाल्याशिवाय हलू नकोस," एवढी त्याची ताकीद. दिव्यांचं मात्र त्याला भारी कौतुक. "सिग्नलची वायर निघाली तरी विझत नाहीत, शेवटचं सांगितलेलं धरून बसतात. आणि तुझ्यासारखं उलट उत्तर देत नाहीत!"

आज मी मेले, पण अंधार होईना. टाळ्या वाजल्या, थांबल्या, कुणीतरी खोकलं. स्वारीला डुलकी लागली असणार! एकदा वाटलं, उठावं आणि इथूनच हाक मारावी. पण म्हटलं, घरी गेल्यावर बघतेच याला, आणि डोळे मिटून पडून राहिले. शेवटी कुणीतरी पडदा ओढला.

तो खोलीत जमिनीवर पडला होता. कोसळताना हात अडकून वायर निघाली होती. "थोडं आधी कुणी बघायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.



दिव्यांनी त्याचं शेवटपर्यंत ऐकलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, मीसुद्धा.